जॉकीची अडीच मिनिटे आणि मोतद्दाराचा दिवस



जालना जिल्ह्यात रेसकोर्स नाही. आपल्याकडे घोडा दिसतो तो वरातीत. अंगावर झूल, कपाळावर गोंडा, कानाशी बँडचा दणदणाट आणि पाठीवर घामाघूम झालेला नवरदेव! त्या घोड्याचा लगाम धरून चालणाऱ्या माणसाकडे वरातीतले कोणी पाहत नाही. (आपला नवरदेव घोड्यावर बसला म्हणून वरात अडवणारी गावे या देशात अजून आहेत. तो विषय वेगळा, आणि त्या बातम्या आपण वाचतोच.) आज लिहायचे आहे ते लगाम धरणाऱ्याबद्दल, आणि तो ज्याचा लगाम धरतो त्या सर्वांत महागड्या घोड्याबद्दल, म्हणजे शर्यतीच्या घोड्याबद्दल.

आमच्या वस्तीत एक आबा होते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून हात सोलून निघाले, तेव्हा नात्यातल्या कोणाच्या तरी ओळखीने ते पुण्याला गेले आणि रेसकोर्सवर मोतद्दार झाले. मोतद्दार म्हणजे घोड्याची निगा राखणारा माणूस. काही लोक त्याला सईस म्हणतात. म्हातारपणी ते गावी परतले. संध्याकाळी आम्ही पोरे त्यांच्या ओट्यावर जमलो की एकच प्रश्न विचारायचो, ‘‘आबा, तुम्ही शर्यतीत घोडा पळवायचे का हो?’’ आबा हसायचे. ‘‘आरं, जॉकी अडीच मिन्टं बसतो. बाकी समदा दिस घोडा माझाच.’’

आबांचा हिशेब अगदी बरोबर होता. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर फेब्रुवारीत इंडियन डर्बी होते. १९४३ पासून ती भरते आहे आणि भारतातल्या शर्यतींच्या जगात तिच्याइतका मान दुसऱ्या शर्यतीला नाही. अंतर २४०० मीटर. चांगला घोडा ते सुमारे अडीच मिनिटांत कापतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात घोड्याचे नाव येते, मालकाचे येते, ट्रेनरचे येते, जॉकीचे येते. पेसी श्रॉफ यांनी जॉकी म्हणून ही शर्यत आठ वेळा जिंकली, हे शौकिनांना तोंडपाठ असते. त्या आठ विजयांमागे चंदी-वैरण करणारे कोण होते, ते कोणी विचारत नाही.

ही रीत जुनीच आहे, आणि तिचा एक दाखला आपल्याच जिल्ह्यात मिळतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा नदीच्या काठी असई येथे इंग्रज आणि शिंदे-भोसले यांच्या फौजांची लढाई झाली. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून गाजला, त्याचे बसायचे दोन घोडे त्या दिवशी निकामी झाले. एक मारला गेला, दुसरा भाल्याने जखमी झाला. जखमी झालेला घोडा अरबी होता आणि त्याचे नाव डायोमेड. सव्वादोनशे वर्षे होत आली तरी हे नाव पुस्तकांत टिकून आहे. डायोमेडला दाणापाणी करणाऱ्याचे नाव मात्र माझ्या तरी वाचनात आलेले नाही.

पुढे १८२७ मध्ये जालन्याला निजामाच्या खर्चाने पोसलेल्या हैदराबाद कंटिंजंटची छावणी उभी राहिली. १९०३ मध्ये ती फौज मोडली, पण तोपर्यंत पाऊण शतक जालन्यात घोडदळ राहिले. त्यात शिलेदारी पद्धत होती. स्वाराने घोडा स्वतःचा आणायचा, आणि बहुधा दोन स्वारांमागे एक तट्टू आणि एक गवत कापणारा ठेवायचा. म्हणजे जितके स्वार त्याच्या निम्मे गवत कापणारे! रोज रानात जायचे, भारा कापायचा, तट्टावर लादून आणायचा. फौजेच्या इतिहासात स्वारांची बिरुदे येतात, ही माणसे येत नाहीत.

आता शर्यतीच्या घोड्याची जात पाहू. तिला थरोब्रेड म्हणतात. या शब्दाचा अर्थच ‘पूर्ण शुद्ध निपजीचा’ असा सांगितला जातो. जगातल्या प्रत्येक थरोब्रेड नराची वंशावळ मागे मागे नेली तर ती तीन घोड्यांपाशी पोहोचते. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन ही त्यांची नावे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हे तीन घोडे पूर्वेकडच्या देशांतून इंग्लंडात आले. डार्ली अरेबियन १७०४ मध्ये सीरियातल्या अलेप्पो शहरातून आला. तिथल्या घोड्यांशी त्यांचा संकर झाला आणि त्यातून ही वेगवान जात तयार झाली. १७९१ मध्ये इंग्रजांनी नोंदवही काढली, आणि पुढे आई-बाप दोन्ही वहीत असल्याशिवाय शिंगराला थरोब्रेड म्हणायचे नाही असा दंडक पडला.

गंमत लक्षात आली ना? आधी देशोदेशीचे रक्त मिसळले, मग वही उघडली, आणि वही उघडल्यावर दार लावून घेऊन ‘आम्ही शुद्ध’ असे जाहीर केले. आपल्या वाचकांना ही युक्ती नवी नाही. १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी जातीला रक्तशुद्धीचा आधार देणाऱ्यांचा चांगलाच समाचार घेतला आहे. घोड्याच्या बाबतीत एवढे तरी आहे की शेवटी त्याला मैदानावर पळून दाखवावे लागते. वहीतले नाव कितीही मोठे असो, जे घोडे हरतच राहतात त्यांना कोणी ठेवून घेत नाही.

भारतातली ही वही पुण्यात ठेवली जाते आणि आता शिंगराची डीएनए तपासणी झाल्याखेरीज तिच्यात नोंद होत नाही. आपल्याकडे गावोगाव गाई-म्हशींना कृत्रिम रेतन होते. थरोब्रेडला ते चालत नाही, तसे झालेले शिंगरू जगात कुठेही नोंदले जात नाही. म्हणूनच नामांकित नर घोड्याची किंमत आणि एकेका भेटीचा दर असा काही चढतो की ऐकणाऱ्याला घेरी यावी. महाराष्ट्रात हा धंदा मुख्यतः पुण्याच्या आसपास आहे. हडपसर, मांजरी, थेऊर, मावळ या पट्ट्यात घोड्यांचे मळे आहेत, त्यांना स्टड फार्म म्हणतात. पूनावाला कुटुंबाचा स्टड फार्म १९४६ चा.

घोडी अकरा महिने गाभण असते. ती बहुधा रात्री विते, आणि तेही आजूबाजूला सामसूम झाल्यावर. त्यामुळे दिवस भरत आले की माणसाला रात्र रात्र जागावे लागते. सडांच्या टोकांवर मेणासारखे थेंब दिसले की समजायचे, आता फार वेळ नाही. शिंगरू तासाभरात लटपटत उभे राहते आणि दोन तासांत आचळाला लागले पाहिजे. पहिल्या काही तासांतला चीक पोटात गेला नाही तर रोगाशी झुंजायची ताकद त्याला येत नाही. आपल्या घरच्या बाया हे गाईबद्दल जाणतातच.

आणखी एक मौज सांगतो. शिंगरू जानेवारीत जन्मो की एप्रिलमध्ये, भारतात सगळ्या थरोब्रेडांचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात. शर्यती वयाप्रमाणे लावायच्या असतात, त्यासाठी ही सोय. आपल्यातल्या कितीतरी जणांची जन्मतारीख गुरुजींनी शाळेच्या दाखल्यावर १ जून लिहिली, त्याची आठवण होते!

पाच-सहा महिन्यांनी शिंगराला आईपासून तोडतात. पुढे त्याला म्होरकी, लगाम, खोगीर आणि शेवटी पाठीवर माणूस यांची सवय लावतात. हे काम धसमुसळेपणाने केले की जनावर जन्मभर बिथरते. अंगुत्तर निकायात केसी नावाच्या घोडे शिकवणाऱ्याची आणि भगवान बुद्धांची भेट आली आहे. घोडा कसा शिकवतोस, असे तथागत त्याला विचारतात. कधी मायेने, कधी कडकपणे, कधी दोन्ही रीतींनी, असे तो सांगतो, आणि मग स्वतः विचारतो की भगवंत माणसांना कसे शिकवतात. घोडे राखणाऱ्या कारागिराला त्याच्या धंद्याचे बारकावे विचारून त्यावरून धम्माची गोष्ट सांगावी, हे मला फार मोलाचे वाटते. आबांना हे सुत्त वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले, ‘‘मायेनंच शिकतो. कडक झालं की चावतो.’’

दोन वर्षांचा झाला की घोडा विकला जातो आणि रेसकोर्सवरच्या तबेल्यात येतो. इथे मोतद्दाराची खरी नोकरी सुरू होते.

पहाटे चारला उठायचे. आधी चंदीचे भांडे पाहायचे. रात्रीची चंदी उरली असेल तर घोड्याचे काहीतरी बिघडले आहे, हे थर्मामीटर लावण्याआधीच कळते. मग ताप पाहायचा, साडेसदतीस ते साडेअडतीस अंश सेल्सिअसच्या मध्ये असला म्हणजे ठीक. मग चारही पायांवरून गुडघ्यापासून खुरापर्यंत तळहात फिरवायचा. शर्यतीचा घोडा साडेचारशे-पाचशे किलोचा आणि पळतो ताशी साठ किलोमीटरच्या वर, पण त्याचे पाय बारीक. नडगीच्या मागच्या शिरेत किंचित ऊब लागली तरी त्या दिवशी पळवायचे नाही. ही ऊब यंत्राआधी तळहाताला कळते, आणि तो तळहात मोतद्दाराचा असतो! ट्रेनर त्याला रोज विचारतो, डॉक्टर त्याला विचारून तपासायला सुरुवात करतो.

मग खुरे कोरून साफ करणे, खोगीर चढवणे आणि उजाडता उजाडता मैदानावर नेणे. तिथे सराव देणारा वेगळा माणूस पाठीवर बसतो. परत आणल्यावर घोडा लगेच बांधून चालत नाही. अंग निवेपर्यंत हळूहळू फिरवायचा, मग धुवायचा, पुसायचा, खरारा करायचा, मालिश करायची. ठाणातले ओले गवत-भुसा काढून कोरडे पसरायचे, नाहीतर खूर सडतो. तीन-चार आठवड्यांनी नालबंद येतो, तेव्हा पाय धरून उभे राहायचे.

खाण्याचे तंत्र शेतकऱ्यांना समजेल असे सांगतो. घोडा बैलासारखा रवंथ करीत नाही. त्याचे पोट अंगाच्या मानाने लहान, आणि मुख्य म्हणजे त्याला ओकता येत नाही. चुकीचे किंवा अति गेले की ते बाहेर पडायला वाट नाही. मग पोटशूळ उठतो, घोडा जमिनीवर लोळतो, आणि काही तासांत लाखोंचे जनावर जाते. म्हणून चंदी थोडी थोडी, दिवसातून तीन-चार वेळा, ठरलेल्या वेळी. ओट, गव्हाचा कोंडा, थोडा हरभरा, लसूणघास आणि कोरडे गवत. पाणी वीस-तीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून बरेच जास्त. यातले एकही काम रविवार म्हणून टळत नाही, की दिवाळी म्हणून.

पावसाळ्यात शर्यती पुण्याला, हिवाळ्यात मुंबईला. घोडे ट्रकने घाट उतरतात, वर्षातून पुन्हा चढतात, आणि मोतद्दार त्यांच्याबरोबर. बायको-मुले मागे राहतात. आबांच्या घरच्या आजी म्हणायच्या, ‘‘घोड्याला काय हवं ते त्यांना न बोलता कळायचं. आमचं बोलून बी कळत नव्हतं.’’ आजी रागाने नव्हे, हसत म्हणायच्या, पण ऐकणाऱ्याने ऐकावे.

एक प्रसंग आबा फारसा सांगत नसत. तीन वर्षे सांभाळलेला घोडा भर शर्यतीत पडला आणि पाय मोडला. घोड्याचा असा मोडलेला पाय सहसा जुळत नाही. तो तीन पायांवर आठवडेच्या आठवडे उभा राहू शकत नाही, उरलेले पाय जातात. तिथेच पडदा लावून सुई देतात. प्रेक्षकांत पुढच्या शर्यतीचे आकडे लागले होते. आबा रिकामी म्होरकी हातात घेऊन तबेल्यात परतले आणि सवयीने त्या ठाणातला भुसा बदलून ठेवला.

पागेतल्या कष्टकऱ्याची दखल घेणारा एक राजा मात्र आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे अस्पृश्य समाजातले नोकर होते. सवर्ण नोकरांच्या पाण्याच्या हौदाला ते शिवले म्हणून त्यांना बेदम मारण्यात आले. पाहा, जनावराने हौदात तोंड घातले तर चालते, जनावराची सेवा करणाऱ्याने हात लावला तर हौद बाटतो! महाराज तेव्हा कोल्हापुरात नव्हते. परतल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना चाबकाने फोडून काढले. पण खरी गोष्ट त्यानंतरची. महाराजांनी गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला लावला. ‘सत्यसुधारक’ हॉटेल निघाले आणि महाराज तिथे थांबून चहा घेऊ लागले, बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. पागेतल्या त्या नोकराचे नाव आज महाराष्ट्राला ठाऊक आहे ते यामुळे.

आता जुगाराबद्दल दोन शब्द, कारण हे पान घरातल्या सर्वांचे आहे. १२ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूच्या खटल्यात निकाल दिला की घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे, मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. निकालात सांगितलेले कौशल्य घोड्याचे, जॉकीचे आणि ट्रेनरचे. पगाराच्या दिवशी खिडकीवर पैसे लावणाऱ्याच्या अंगी ते आपोआप येत नाही. लागलेल्या पैशातून आधी सरकारचा कर आणि क्लबचा वाटा कापला जातो आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जाते. तेव्हा सगळे मिळून जेवढे लावतात त्यापेक्षा सगळ्यांना मिळून कमीच परत येते. हे गणित चौथीच्या मुलालाही येईल. आबा तीस वर्षे घोड्यांत राहिले, पण त्यांनी एक रुपया लावला नाही. कारण विचारले तर म्हणायचे, ‘‘घोड्याच्या पोटात कधी दुखंल ते मला ठावं नसतं, खिडकीवाल्याला कुठनं ठावं?’’

शर्यतीचे आयुष्य थोडे असते. बहुतेक घोडे सात-आठ वर्षांचे होईतो मैदानातून जातात, आणि घोडा तर पंचवीस वर्षेही जगतो. निवडक नर-माद्या पैदाशीला जातात, काही घोडेस्वारीच्या शाळांत. काही अशा जागी जातात की ती हकीकत मोतद्दाराला न कळलेलीच बरी.

यातलीच एक वाट मात्र थेट आपल्या गावापर्यंत येते. पूनावालांच्या फार्मवरचे निवृत्त घोडे मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेला दिले जात. घोड्याच्या रक्तापासून तिथे धनुर्वातावरचे औषध बनवत. घोडे आपले आणि औषध दुसरीकडे, तर ते आपणच का बनवू नये, या विचारातून १९६६ मध्ये पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट निघाली आणि धनुर्वातावरच्या औषधापासूनच तिची सुरुवात झाली. कोविडच्या साथीत २०२१ मध्ये आपल्यापैकी अनेकांच्या दंडात गेलेली कोविशील्ड याच कारखान्यातली.

सर्पदंशावरचे औषधही घोड्याच्या रक्तातूनच येते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष घोड्याला अगदी थोड्या मात्रेने टोचतात आणि मात्रा हळूहळू वाढवतात. घोडा मरत नाही, त्याच्या रक्तात विषाला मारणारी द्रव्ये तयार होतात. मग रक्त काढून त्यातला तो भाग वेगळा करतात आणि कुपीत भरतात. यासाठी शर्यतीचाच घोडा लागतो असे नाही, साधा घोडा आणि खेचरही चालते. पण घोडा कुठलाही असो, त्याला रोज खरारा करणारा, त्याचा ताप पाहणारा, त्याच्या ठाणातला भुसा बदलणारा माणूस तिथेही लागतोच.

कापूस वेचताना, सोयाबीन सोंगताना, रात्री पिकाला पाणी देताना आपल्याच लोकांना साप चावतो. अशा वेळी मांत्रिकाकडे जाऊ नका. जखम कापू नका, चोखू नका, दोरीने करकचून बांधू नका. चावलेला हात किंवा पाय फळी लावून हलणार नाही असा ठेवा आणि रोग्याला चालू न देता लगेच दवाखान्यात न्या. विष चढल्याची लक्षणे दिसली तर सुरुवातीलाच साधारण दहा कुप्या शिरेतून द्याव्या लागतात. औषध घोड्याचे असल्यामुळे काहींच्या अंगावर गांधी उठतात, काहींना धाप लागते. म्हणून पूर्वी कधी असे औषध घेतले असेल, किंवा दमा असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा. कुपी लावण्यापूर्वी ते अ‍ॅड्रेनॅलिनची सुई भरून शेजारी ठेवतात.